दोन पिंपांचा हिशेब

"दारात एवढा समुद्र असताना घरात मीठ कालवून समुद्र कशाला करायचा?" हा प्रश्न आजवर मला जितक्या जणांनी विचारलाय, तितक्यांनी "कशी आहेस?" असंसुद्धा विचारलं नसेल. त्यात पुण्याची मावशी आली, डोंबिवलीचे काका आले, आणि मांडवीवर रोज संध्याकाळी फिरायला येणाऱ्या शेजारच्या काकू तर आल्याच आल्या. आता टाकीचं पाणी आपोआप बदलायची सोय बसवली आहे म्हटल्यावर दुसरा प्रश्न सुरू झालाय. "म्हणजे पाणीसुद्धा यंत्रच बदलणार? मग तू काय करणार?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि माझ्या मते दोघांचं उत्तर एकमेकांत अडकलेलं आहे. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. ज्यांना माशांत रस फक्त ताटात असल्यावर आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण हे लिखाण माशांपेक्षा पाण्याबद्दल जास्त आहे.

आधी टाकी कशी आहे ते सांगते. वरची काचेची टाकी आणि खालच्या कपाटातली गाळणीची टाकी (हिला सगळे संपच म्हणतात) मिळून २०० लिटर खारं पाणी. त्यात हॅचरीत वाढलेली क्लाउनफिशची एक जोडी, तळातली वाळू चिवडत बसणारा एक लहानसा गोबी, काही शंख, आणि दगडांवर झोअँथिड व मश्रूम कोरल. झोअँथिड म्हणजे शर्टाच्या बटणांएवढी रंगीत फुलं वाटतात ती, पण आहेत प्राणी. दगड सिरॅमिकचे, भट्टीत भाजलेले. दगडी प्रवाळ एकही नाही, आणि त्याचं कारण पुढे येईल.

आता समुद्राकडे येऊ. आपल्याकडे भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. दुसऱ्या दिवशी नवमी, म्हणजे पावणेसात. घड्याळं आणि भरतीची छापील कोष्टकं घरोघरी यायच्या आधीपासून कोकणातले खलाशी आणि कालवं काढणाऱ्या बायका याच हिशेबानं चालत आल्या आहेत. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. साधारण साडेबारा तासांनी एकदा समुद्र किनाऱ्यावरचं सगळं पाणी बदलून देतो. कोणी सांगावं लागत नाही, वीज लागत नाही, बिल येत नाही.

आरे-वारेच्या किंवा मिऱ्याच्या बाजूला ओहोटीला खडकांवर गेलात, तर खाचांमधून पाणी साचून राहिलेलं दिसतं. त्यात बारके मासे, खेकडे, समुद्रफुलं असतात. त्या डबक्याचा समुद्राशी संबंध पाच-सहा तास तुटलेला असतो. ऊन चढतं तसं पाणी तापतं, थोडं आटतं, म्हणजे जास्त खारट होतं, आतल्या जिवांची घाण आतच राहते. तरीही ते सगळे टिकतात, कारण भरती येणार हे ठरलेलं आहे. घरातली खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे असंच एक डबकं, फक्त इथे भरती कधीच येत नाही. ती आपण आणायची असते. पाणी बदलणं म्हणतात ते एवढंच.

भरती न आणल्यास काय होतं? मासे खातात, विष्ठा करतात, त्यातून अमोनिया तयार होतो. दगडांवरचे आणि वाळूतले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया जीवघेणा, नायट्रेट त्या मानानं सौम्य. पण ते साचत जातं. समजा, आठवड्याला पाण्यात नायट्रेट लिटरमागे २ मिलिग्रॅमनं वाढतं आणि आपण दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलतो. तर ते वाढत वाढत २० पर्यंत जाऊन थांबेल. तिथे पोहोचल्यावर दर आठवड्याला जेवढं वाढतं तेवढंच बदललेल्या पाण्याबरोबर बाहेर जातं. २० टक्के बदललं तर १० ला थांबेल. म्हणजे टाकीची तब्येत शेवटी कुठे स्थिरावणार हे तुमच्या हौसेवर ठरत नाही, तुम्ही किती आणि किती नियमानं पाणी बदलता त्यावर ठरतं.

यात "नियमानं" हा शब्द महत्त्वाचा. हातानं पाणी बदलायचं म्हणजे बादल्या, पाइप, ओली फरशी आणि दुखणारी कंबर. दोन आठवडे उत्साह असतो. मग कोणाचं तरी लग्न येतं, कोणाचं तरी दुखणं येतं. आणि गणपती! गौरी-गणपतीला रत्नागिरीतली अर्धी घरं कुलूप लावून गावी जातात. आठ दिवस घरात चिटपाखरू नाही. गावच्या घरी मखर सजवताना टाकीची आठवण येऊन काही उपयोग नसतो. मग आल्यावर "राहिलेलं" म्हणून एकदम ८० लिटर पाणी बदलायचं, आणि तापमानात, खारेपणात बसणारा तो धक्का जिवांनी सोसायचा. आपल्या सवडीची किंमत त्यांनी का मोजावी?

म्हणून मी यंत्राच्या बाजूची आहे. "हातानं केलं की माया राहते" असं म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही, पण माशांना मायेपेक्षा ३५ ची क्षारता जास्त कळते असं माझं मत आहे. (सासूबाई म्हणतात, माणसांचंही तसंच असतं.)

यंत्र म्हणजे फार काही नाही. दोन डोक्यांचा पेरिस्टाल्टिक पंप. सलाइनच्या नळीला बोटानं दाबत दाबत पुढे नेलं तर आतलं पाणी जसं सरकेल, तसं यातले रोलर नळी दाबत पाणी सरकवतात. एक डोकं संपमधलं जुनं पाणी बाहेर काढतं, दुसरं तेवढंच नवं खारं पाणी आत सोडतं. आमच्याकडे तासाला १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला तीन लिटर, आठवड्याला २१. टाकीतल्या जिवांना पत्ताही लागत नाही. जुनं पाणी ओढणारी नळी आणि नवं सोडणारी नळी एकमेकींपासून लांब ठेवायच्या, नाहीतर आत्ता आलेलं पाणीच परत बाहेर जातं.

खरं बोलायचं तर थेंबाथेंबानं बदलण्यात थोडं नुकसानच आहे. ३० टक्के पाणी एकदम बदललं तर जुन्या घाणीतली ३० टक्के जाते. तेच ३० टक्के थेंबाथेंबानं बदललं तर सुमारे २६ टक्केच जाते, कारण बाहेर जाणाऱ्या पाण्यात नुकतंच आलेलं थोडं नवं पाणीही असतं. धक्का न बसण्याची ही किंमत आहे आणि मला ती स्वस्त वाटते.

आता पहिल्या प्रश्नाकडे. मीठ कशाला कालवायचं, समुद्राचंच पाणी का नाही आणायचं? जकार्तामध्ये ली चिन एंग नावाचे गृहस्थ होते. त्यांनी समुद्राचं पाणी, समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर घरात प्रवाळ जगवले आणि १९६१ साली त्यावर लिहिलं. तेव्हा ते नवल होतं. त्यांच्यासारखे आपणही समुद्राकाठचेच. पण रत्नागिरीचा समुद्र बारा महिने सारखा नसतो. जूनमध्ये पाऊस लागला की काजळी नदी लाल माती घेऊन भाट्याच्या खाडीत उतरते, आणि किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ आणि कमी खारट होतं. ते थेट दसऱ्यापर्यंत. शिवाय बंदराजवळ डिझेलची साय. हिवाळ्यात बंदरापासून लांब, भरतीच्या वेळी, स्वच्छ पाणी मिळतं हे खरं. पण जी भरती वर्षातून चार महिने रजेवर जाते तिच्या भरवशावर टाकी ठेवता येत नाही. म्हणून आरओचं पाणी आणि विकतचं मीठ.

आणि इथून माझा खरा मुद्दा सुरू होतो.

आमच्या आजोळी माडा-पोफळीच्या बागेला शिंपणं होतं. रहाटावर पाणी काढून पाटानं सोडायचं. आई सांगते, त्या काळी कुठल्या झाडाला किती पाणी पोचलं ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असे, कारण ते काढताना कोणाचा तरी जीव मेटाकुटीला येई. मग विजेचा पंप आला. बटण दाबलं की पाणी. फार सोय झाली, आणि कोणीही परत रहाट लावायला जाणार नाही, जाऊही नये. पण बटण आल्यावर पाणी किती जातंय ते कोणी बघेनासं झालं आणि एप्रिलात विहिरीचा तळ दिसायला लागला. तो दिसल्यावर कळलं.

टाकीचं तसंच आहे. बादल्या उचलत होते तेव्हा पाण्याचं वजन माझ्या खांद्याला कळत होतं. यंत्रानं ते वजन उचललं, आणि त्याबरोबर माहितीही उचलली. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच तयार व्यवस्थांमध्ये जुन्या पाण्याची नळी सरळ मोरीत सोडायला सांगतात. मग ना किती गेलं ते दिसत, ना काय गेलं ते. नव्या जर्सीतला आमचा भाचा मोबाइलवर ॲप उघडून सांगतो, "मामी, आज २.९८ लिटर बदललं." ॲपला हे कसं कळलं? पंपाच्या मोटरनं किती फेरे मारले त्यावरून त्यानं गुणाकार केला. नळी झिजली असेल, चिमटली असेल, तरी फेरे तेवढेच. ॲप पाणी मोजत नाही.

म्हणून माझं मत असं की पाणी खुशाल यंत्रानं बदलावं, पण ते डोळ्यांसमोर बदललं पाहिजे. त्यासाठी लागतात दोन पिंपं. सारख्या मापाची, २५-२५ लिटरची, झाकणाची, पांढरट प्लॅस्टिकची, म्हणजे बाहेरून पाण्याची पातळी दिसेल अशी. दोन्हींवर लिटरालिटराला मार्करनं रेघा. एकात नवं खारं पाणी, दुसऱ्यात निघालेलं जुनं. मोरीला नळी नाही. पहिलं जेवढं उतरेल तेवढंच दुसरं चढलं पाहिजे. बस्स. येता-जाता नजर टाकायची.

एवढ्यानं काय कळतं? पुष्कळ. टाकीतलं पाणी उडून जातं, आमच्याकडे पंखा चालू असला की दिवसाला तीनेक लिटर. उडतं ते गोडं पाणी, मीठ मागेच राहतं. ते भरून काढायला वेगळी टॉप-अपची सोय असते, पातळी खाली गेली की गोडं पाणी सोडणारी. आता समजा, नवं पाणी सोडणारी नळी झिजली आणि पाच टक्के कमी पाणी आत येऊ लागलं. ती तूट टॉप-अप गोड्या पाण्यानं भरून काढतो. पातळी जागच्या जागी, दिवे चालू, मासे पोहतायत, सगळं छान. पण क्षारता ३५ वरून हळूहळू उतरत दोन महिन्यांत ३४ ला येते आणि शेवटी ३३ च्या जरा वर स्थिरावते. तूट २० टक्के असेल तर २८ ला. आणि नवं पाणी अजिबातच आत गेलं नाही, नुसतं जुनं निघत राहिलं, तर गणपतीच्या आठ दिवसांत ३५ ची ३१. उलट जुनं काढणारी नळी तुंबली आणि नवं येत राहिलं, तर उडणाऱ्या पाण्याची जागा खारं पाणी घेतं, टॉप-अप गप्प बसतो आणि त्याच आठ दिवसांत क्षारता ३९ च्या पुढे. या सगळ्या वेळी टाकीची पातळी मात्र तसूभरही हलत नाही!

दोन पिंपं असली की हेच आठवड्याच्या आत दिसतं. पाच टक्के तफावत म्हणजे आठवड्याला एक लिटर, म्हणजे एका रेघेचा फरक. एक रेघ चुकली की नळी तपासायची. क्षारता दर आठवड्याला रिफ्रॅक्टोमीटरनं मोजायचीच, पण ती बिघडायच्या आधी सांगणारं साधन म्हणून या रेघांइतकं स्वस्त मला दुसरं सापडलेलं नाही.

बाकीची काळजी थोडक्यात. नव्या पाण्याच्या पिंपात तळाशी एक फ्लोट स्विच हवा. पाणी संपलं की दोन्ही डोकी बंद झाली पाहिजेत, नाहीतर एक हवा ओढत बसतं आणि दुसरं टाकी उपसत राहतं. नव्या पाण्याची नळी संपमध्ये पाण्याच्या वर संपावी, बुडवू नये. टायमर असा निवडावा की वीज जाऊन आल्यावर पंप बंद अवस्थेत राहील. आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून किती वेळा जाते हे मी रत्नागिरीकरांना सांगायला नको. २०२० च्या निसर्ग आणि २०२१ च्या तौक्ते वादळानंतर तर कोकणातल्या कित्येक गावांत दिवसच्या दिवस अंधार होता. अशा वेळी इन्व्हर्टरवर पाणी बदलायचा पंप लावू नये. इन्व्हर्टर हवा तो पाणी खेळतं ठेवणाऱ्या पंपासाठी. आठवडाभर पाणी न बदलल्यानं कोणी मरत नाही, पण पाणी थांबलं तर प्राणवायूवाचून एका रात्रीत मरतात. पंपाच्या नळ्या वर्षातून एकदा तरी बदलाव्यात. आणि मिठाचं पाकीट फोडलं की हवाबंद डब्यात भरावं, आपल्या जुलैच्या हवेत त्याचा दगड होतो.

आता दुसरं पिंप मला काय शिकवतं ते.

आठवड्याला २१ लिटर बदलायचं, त्याला लिटरमागे साधारण ३६ ग्रॅम मीठ, म्हणजे पाऊण किलो. वर्षाला ३९ किलो. आमच्या चार माणसांच्या स्वयंपाकाला वर्षभर जेवढं मीठ लागतं त्याच्या कितीतरी पट! शिवाय उडणारं २१ लिटर. म्हणजे आठवड्याला ४२ लिटर आरओचं पाणी. साध्या घरगुती आरओतून एक लिटर शुद्ध पाणी मिळायला तीनेक लिटर वाया जातं, म्हणजे सव्वाशे लिटर. ज्या जिल्ह्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जांभ्यातून झिरपून जाऊन मे महिन्यात वाड्या-वाड्यांवर टँकर फिरतात, त्या जिल्ह्यात एका शोभेच्या टाकीसाठी आठवड्याला सव्वाशे लिटर मोरीत? हे मला पटत नाही आणि कोणालाच पटू नये.

उपाय आहेत, पण ते हिशेब केल्यावरच सुचतात. आरओचं सोडलेलं पाणी आमच्याकडे भांडी, फरशी आणि कपड्यांच्या पहिल्या पाण्याला जातं. त्यासाठी मोरीत वेगळं पिंप आहे (हो, तिसरं!). पावसाळ्यात पहिले आठ-दहा दिवस सोडून मग पागोळ्यांचं पाणी गाळून भरून ठेवते. ते मुळातच मऊ असतं. त्याला आरओ लागत नाही, शेवटची रेझिनची गाळणी पुरते, म्हणजे त्या महिन्यांत वाया जाणारं पाणी जवळपास शून्य. मे महिन्यात टाकीवर झाकण घालून आणि खोली थंड ठेवून जेवढं कमी उडेल तेवढं बघायचं. आणि टाकी मोठी करायची हौस आली की आधी हा गुणाकार करायचा. ४०० लिटरची टाकी म्हणजे हे सगळं दुप्पट. माझी टाकी २०० वरच राहणार आहे, त्याचं कारण जागा किंवा पैसा नाही, हा गुणाकार आहे.

आता निघालेल्या पाण्याचं काय? "समुद्राचंच पाणी ते, जाईल गटारातून समुद्रात, त्यात काय?" असं खूपजण म्हणतात. खरं तर समुद्राकाठच्या गावानं हे सगळ्यात कमी म्हणावं. १९८४ साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाच्या अगदी खाली, भूमध्य समुद्रात, कॉलर्पा टॅक्सिफोलिया नावाच्या शेवाळाचा लहानसा गालिचा दिसला. मत्स्यालयात शोभेला ठेवतात ते शेवाळ. पुढच्या वर्षांत ते हजारो हेक्टरांवर पसरलं आणि तिथल्या मूळच्या समुद्रगवताच्या जागेवर बसलं. तेच शेवाळ २००० साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सापडलं, तेव्हा तिथल्या लोकांनी ताडपत्र्या झाकून क्लोरीन सोडून ते मारलं, आणि ते संपलं असं जाहीर करायला २००६ साल उजाडलं. शेवाळाचा तुटलेला एक तुकडाही नव्यानं वाढू शकतो. मोरीतली नळी असा तुकडा तासातासाला, आपल्या नकळत, गटारात आणि गटारातून खाडीत पोचवू शकते. पूर्वी ही चूक करायला कोणीतरी टाकी उपसून ओतावी लागे. आता यंत्र ती आपोआप करू शकतं.

म्हणून भरलेल्या पिंपात ब्लीचिंगचं द्रावण घालून रात्रभर ठेवायचं, मग एक-दोन दिवस उघड्यावर ऊन दाखवायचं, आणि मगच ते पाणी ओतायचं. हे काम मात्र हातानंच होतं. यंत्र कितीही चांगलं असलं तरी हे शेवटचं पिंप माणसानं उचलावं असं मला वाटतं, कारण ते उचलताना आठवड्याचा खर्च खांद्याला कळतो.

आता दगडी प्रवाळांचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे घातले गेले. समुद्रघोडेही त्याच साली. वाघाला जे संरक्षण तेच यांना. म्हणजे किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणं हा गुन्हा आहे, मग तो शोभेला असो की "अभ्यासाला". आपल्याकडे प्रवाळ कुठून येणार असं कोणाला वाटेल, पण रत्नागिरी-मालवणच्या ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर जिवंत प्रवाळ असल्याच्या शास्त्रीय नोंदी आहेत. आणि विजयदुर्गपासून साधारण शंभर किलोमीटर पश्चिमेला, भर समुद्रात, आंग्रिया बँक नावाचं पाण्याखालचं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव त्याला मिळालंय. तिथे खरं प्रवाळांचं रान आहे, आपल्या दारातलं, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नाही.

मग तू टाकी तरी कशाला ठेवतेस, असं कोणी म्हणेल. प्रश्न टाळत नाही. क्लाउनफिश बंदिस्त टाकीत वाढवण्याचं तंत्र आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं बसवलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून न ओरबाडता असे मासे मिळू शकतात. झोअँथिड टाकीतच वाढतात आणि एकाचे दहा होतात. एवढ्या मर्यादेत राहून टाकी ठेवणं मला योग्य वाटतं. कोणाला याहून कडक मत असेल तर मी ते ऐकून घेईन. पण ज्यांच्या मुलांना फक्त रंगीत मासे बघायचे आहेत त्यांनी टाकी घेऊ नये. त्यांना झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी संशोधन केंद्राचं मत्स्यालय दाखवावं, तिथला देवमाशाचा सांगाडा दाखवावा, आणि मग पंचांगातली तिथी बघून, पाऊणपट करून, त्यानंतर सहा तासांनी खडकांवर न्यावं. चपला काढून, हळू, काही न उचलता.

ज्यांना टाकी ठेवायचीच आहे त्यांना माझं सांगणं इतकंच. पंप घ्या, टायमर घ्या, परवडत असेल तर ॲपवालाही घ्या. पाणी आपोआप बदललं म्हणून कोणी आळशी ठरत नाही. फक्त जुन्या पाण्याची नळी मोरीत सोडू नका. तिच्याखाली एक पिंप ठेवा, आणि ते पिंप कपाटात नको, येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवा. घरातले कुरकुर करतील. आमच्याकडेही करतात.

काल सासूबाईंनी जाता जाता विचारलं, "आज एक रेघ कमी दिसतेय गो, बघितलंस का?" बघितलं. नळी चिमटली होती.